पडीक जमिनीवरची पेनल्टी

विलायतेला जाऊन, तिथं तीन महिने राहून, राणीचा राजवाडा, ते मोठं घड्याळ आणि त्याखालची नदी यांतलं काहीही न बघता परत आलेला एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो लातूरचा आहे. आमचे कांबळे सर. लिंबाजी कांबळे.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये फोटोंचं पाकीट उघडलं. सगळे चहा सोडून भोवती जमले. पहिला फोटो निघाला. दोन खांब आणि वर आडवा दांडा. दुसऱ्यात नुसती दोरी. तिसऱ्यात पत्र्याचं खोपटं आणि त्यापुढं चिखल. चौथ्यात तोच चिखल, जरा जवळून.

हेडमास्तरांनी पाकीट उलटं करून झटकलं. "सर, लेक, जावई, नातू... यांचे फोटो?"

"हायत की," म्हणत सरांनी एक फोटो पुढं केला. गोलपोस्ट होता. त्याच्या डाव्या खांबामागून कुणाची तरी निळी बाही दिसत होती.

"ही सुजाता," सर म्हणाले. "मधी मधी येऊलालती, मनून जरा बाजूला सरकवली."

आता हे असं का झालं हे सांगायचं तर आधी माणूस सांगावा लागेल, मग मैदान आणि मग शेळ्या. शेळ्या गाळल्या तर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

सर आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक. मी नांदेडहून बदलून आलेला गणिताचा मास्तर, त्यामुळे त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी कायमचा 'नांदेडकर'. सरांची उंची बेताची, पण शिट्टी अशी की लातुरात फुंकली तर निलंग्याला निघालेली एसटी औशाच्या अलीकडं बाजूला थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं पोलिसानं अडवलं. खांद्यावर कायम एक दस्ती. तिनं घाम पुसायचे, पोरांना हाणायचे, आणि मॅच असली की तीच दस्ती लाइन्समनच्या हातात झेंडा म्हणून द्यायचे. तो लाइन्समन बहुतेक वेळा मीच असे. त्या दस्तीच्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही.

सरांना जमीन म्हणून जमीन दिसतच नसे. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडव पावलांनी मोजायचे. "बसतंय, नांदेडकर. दोन्हीकडं पाच-पाच पोरं आरामात बसतेत." नवरदेवाचा बाप समोर हात जोडून उभा, आणि सर त्याच्याकडं कॉर्नरचा खांब असल्यासारखे बघायचे. एसटीत खिडकीपाशी बसले की बाहेरच्या उभ्या ज्वारीत त्यांना पेनल्टीचा ठिपका दिसायचा. क्रिकेटचं त्यांच्यापुढं नाव काढायची सोय नव्हती. "त्याला सामान लागतंय," ते म्हणायचे. "फुटबॉलला काय लागतंय? एक बॉल अन बिनलाजी पोरं."

मैदान होतं दालमिलांच्या मागं, नाल्याच्या अलीकडं. शाळेच्या ताब्यात म्हणायचं, पण कागदावर सरकारी पडीक. काळी माती. पावसाळ्यात तिथं बूट रुतायचे आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की एका मॅचमध्ये आमचा राइट विंगर कंबरेपर्यंत आत गेला. त्याला बाहेर काढला, पण त्याचा बूट अजून आतच आहे. पुढं कधी तिथं उत्खनन झालं तर पंडितांनी फार विचार करू नये, एवढ्यासाठी लिहून ठेवतो.

रेघा मारायला चुन्याची फक्की लागते. शाळेत त्यासाठी पैसे कधीच नसायचे. सरांनी तोड काढली होती. दालमिलांच्या मागच्या दारी तुरीच्या टरफलांची झाडलोट पडलेली असे. ती पोत्यात भरून आणायची आणि काळ्या मातीवर तिच्या रेघा ओढायच्या. काळ्यावर पिवळट रेघ अशी उठून दिसायची की बघत राहावं. साऱ्या जगात डाळीच्या टरफलांनी आखलेलं फुटबॉलचं मैदान हे एकच असणार.

आणि जगातल्या इतर मैदानांना जी अडचण कधी आली नसेल ती आमच्या मैदानाला रोज यायची. शेळ्या रेघा खायच्या.

शेळ्या होत्या नाल्याकाठच्या शेवंताबाईच्या. पाऊस बरा असायचा तेव्हा एखादा कोपरा खाऊन जायच्या. मग दुष्काळ पडला. सलग दोन पावसाळे ढग येऊन नुसते बघून गेले. गावात टँकर सुरू झाले, चाऱ्याचं नाव उरलं नाही, आणि शेळ्यांनी खेळाचा खरा अभ्यास सुरू केला. सर सकाळी मैदान आखायचे. दुपारपर्यंत मधलं वर्तुळ साफ. संध्याकाळपर्यंत पेनल्टीचा चौकोन पोटात. बोका नावाचा एक बोकड तर गोलरेषेपासून सुरू करून थेट हाफलाइनपर्यंत न थांबता यायचा. आमच्या एकाही फॉरवर्डला ते कधी जमलं नाही.

एकदा मीच शेवंताबाईला म्हणालो, "बाई, शेळ्या आवरा की जरा. मैदान खाऊलाल्यात."

बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमी खायाचं जिमिनीवर टाकताव, अन शेळीला मन्ताव खाऊ नको. शाळेत असंच शिकिवताव का?"

मी सरांकडं पाहिलं. सर पोतं खांद्यावर घेऊन नवी रेघ ओढायला निघाले होते. "जाऊ द्या, नांदेडकर. रेघ परत ओढता येतीय. शेळीचं तसं न्हाई."

आता नवा जिल्हा. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं तेव्हा गावात पेढे वाटले गेले, आणि पेढे पचायच्या आत कचेऱ्या यायला लागल्या. एवढ्या कचेऱ्यांना जागा कुठली? एक कचेरी मंगल कार्यालयात बसली. मुहूर्त असला की साहेब, शिपाई आणि फायली गच्चीवर. एक कचेरी आडत दुकानाच्या माडीवर, तिथल्या फायलींना करडईचा वास यायचा. जो तो रिकामी जागा हुंगत फिरत होता. हुंगता हुंगता प्रांतसाहेब आमच्या मैदानावर येऊन पोचले. सरकारी क्वार्टर्स बांधायचे होते.

सर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "साहेब, हे मैदान हाय."

प्रांतसाहेब पुण्याकडचे, बोलायला सभ्य. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. भेगा होत्या, शेळ्या होत्या, अर्धी खाल्लेली रेघ होती. "सर, हे मैदान नाही हो, पडीक आहे. मैदान म्हणजे गवत लागतं. गॅलरी लागते, कंपाउंड लागतं, गेट लागतं. परदेशात बघा एकेक मैदानं."

वाक्य असं कुणीही बोलून जातं. पण ते कुणापुढं बोलतो याचं भान ठेवावं. सरांची लेक सुजाता इंग्लंडात डॉक्टर होती आणि दोन वर्षं बापाला 'या, या' म्हणून बोलावत होती. सर टाळत होते. तिकडं कोण जाईल, पोरांची प्रॅक्टिस बुडते. त्या दिवशी सर म्हणाले, "बघून येतो, साहेब. तवर मोजणी थांबवताव का?"

साहेब हसून म्हणाले, "उन्हाळ्यात मोजणी आहे. तोवर या बघून."

आणि हा माणूस खरंच गेला.

पुढचं सगळं सरांच्या तोंडचं आहे. त्यात मी भर घातलेली नाही. सरांनी घातली असेल तर ती मी काढलेली नाही.

जावयानं पहिल्याच आठवड्यात मोठ्या क्लबाच्या मॅचचं तिकीट काढलं. एवढं मोठं ग्राउंड की त्यात आमची गंजगोलाईची अख्खी गोल बाजारपेठ, मार्केट यार्ड आणि वर दोन दालमिला मावाव्यात. सर दारापर्यंत गेले. तिथं लोखंडी फिरकं दार होतं, एकेक माणूस तपासून आत सोडत होते. सर त्या दाराकडं बघत उभे राहिले आणि मागं फिरले.

"तिकीट होतं ना हातात?" मी विचारलं.

"होतं की." सरांनी दस्तीनं मान पुसली. "आमच्या गावात तालीम होती, नांदेडकर. दारातून आतली लाल माती दिसायची. आत जायाची आमाला मुभा नव्हती. माझा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आला अन मला मनला, दाराशी उभं राहायाचं न्हाई कुणाच्या. मग मी गावाबाहेर माळावर खेळाय गेलो. माळाला दार नसतंय."

पुढच्या क्षणी ते फोटो दाखवायला लागले होते.

तर सरांनी जावयाला सांगितलं, "मोठं नको. सगळ्यात खालचं दाखवा." मग दर शनिवारी शोध सुरू झाला. खालच्या लीगच्याही खालची लीग, तिच्याही खालची. अशी मैदानं, जिथं गॅलरी म्हणजे पत्र्याचं एक खोपटं, कंपाउंड म्हणजे खांबांना बांधलेली दोरी, आणि प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका आणि दोन कुत्री. एका मैदानाच्या कडेला मेंढरं चरत होती. सरांनी मेंढरांचे अर्धा रोल फोटो काढले. सुजाता म्हणाली, "बाबा, हे कशाला?" सर म्हणाले, "पुरावा."

अशाच एका मैदानावर जॉर्ज भेटला. सत्तरीचा म्हातारा, मैदान आखायचा, चहा विकायचा, जाळी शिवायचा आणि रेफरीला शिव्या द्यायचा. सरांचं इंग्रजी आणि जॉर्जचं मराठी सारख्याच तोलाचं होतं, तरी दोघं तासन्‌तास बोलायचे. सर सांगायला लागले की जॉर्ज अस्सल लातुरी बोलायचा.

एका शनिवारी तिथं मुसळधार पाऊस झाला. मैदानाचं तळं झालं. जॉर्ज आणि त्याची माणसं खराटे घेऊन पाणी नाल्यात लोटायला लागली. सर बघत होते. इकडं लातुरात बायको टँकरच्या रांगेत उभी, आणि इथं धडधाकट माणसं स्वच्छ पाणी नाल्यात ढकलत होती. सरांना ते बघवेना. त्यांनी खोपटातून बादल्या काढल्या, डबे काढले, चहाचं पातेलं काढलं, आणि पाणी भरून भरून साइडलाइनच्या कडेनं ओळीनं मांडायला सुरुवात केली.

"मग जॉर्ज काय म्हणाला?"

"जॉर्ज मनला, 'मास्तर, पाणी कामून भरून ठेवूलालाव?' मी मनलो, 'फेकाय जिवावर येतंय गड्या.' तवा त्यो उगा माझ्याकडं बघला, अन त्यानंबी एक बादली उचलली."

चिखलात रेघ पुसली गेली होती, पण बादल्यांची ओळ नीट दिसत होती. मॅच त्याच ओळीवर खेळवली. बॉल दोनदा बादलीत पडला. रेफरीनं दोन्ही वेळा थ्रो-इन दिला. सर म्हणाले, "तवाच डोस्क्यात उजेड पडला."

उन्हाळा आला. मोजणीचा दिवस ठरला. सरांनी फोटोंचं पाकीट प्रांतसाहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी सगळे बघितले, हसलेही. पण म्हणाले, "सर, हे सगळं ठीक. पण तिकडं लोक बघायला येतात. इकडं या उन्हात, या दुष्काळात, फुटबॉल बघायला कोण येणार? उद्या चार वाजता मोजणीवाला येईल. मीही येतो."

"या," सर म्हणाले. "त्याच टायमाला मॅच हाय. नांदेडची टीम येऊलालीय."

नांदेडची टीम येत होती हे मलाही तेव्हाच कळलं. सरांनी मला सायकलवर बसवून टपाल कचेरीत नेलं आणि माझ्या हातानं माझ्याच जुन्या मित्रांना तार करवली. त्यानंतर सर गेले टँकरच्या ड्रायव्हरकडं. आमच्या भागाचा टँकर चौकात थांबायचा. एक दिवस तो मैदानावर थांबवायचं ठरलं. मग सरांनी गल्लोगल्ली फिरून एवढंच सांगितलं, "उद्या टँकर ग्राउंडवर. चार वाजता."

आता टँकरची एक रीत असते, ती दुष्काळात राहिलेल्यांना सांगायला नको. चारच्या टँकरसाठी माणूस दुपारी बारालाच जातो. पण माणूस उभा राहत नाही. घागर उभी राहते. घागर ठेवली की नंबर लागला. मग माणूस मोकळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मैदानावर उभे राहून घागरी लावून घेत होते. "हां शांताबाई, इथं, जरा उजवीकडं. रांग सरळ पाह्यजे. सखुबाई, हंडा आत घ्या, बॉल लागंल." तीनपर्यंत मैदानाच्या चारी बाजूंनी घागरी, हंडे, कळशा, तेलाचे डबे अशी एकसंध ओळ उभी राहिली. पितळेची, तांब्याची, पत्र्याची. उन्हात अशी झळकत होती की विमानातून कुणी बघितलं असतं तर मैदानाला दागिना घातलाय म्हणाला असता. आणि घागरींच्या मागं, घागरींवर नजर ठेवून, अख्खं गाव.

चार वाजता प्रांतसाहेब जीपमधून उतरले आणि जागेवरच थांबले. मागं साखळी घेऊन मोजणीवाला. "हे सगळे..." साहेब म्हणाले.

"मॅच बघाय आल्यात," सर म्हणाले. तेव्हा मी घागरींकडं बघितलं, घागरींनी माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो.

साहेबांना कडेला खुर्ची दिली आणि मॅच सुरू झाली. शिट्टी सरांकडं, दस्ती माझ्याकडं. आमच्याकडून दालमिलचे हमाल आणि दोन शिक्षक. नांदेडकडून माझे मित्र, सोबत अर्धापूरच्या केळ्यांचा घड. मध्यंतराला केळी वाटली आणि सालं बोकानं गोळा केली. दुसऱ्या हाफमध्ये एक-एक बरोबरी झाली. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा टँकर आला. मी मनात म्हटलं, संपलं. आता लोक पाण्याकडं पळणार, मैदान उघडं पडणार, आणि साहेब साखळी सोडायला सांगणार.

नेमका तेव्हाच आमचा अजीम बॉल घेऊन सुटला. अजीम दालमिलचा हमाल, अनवाणी खेळायचा. पोतं पाठीवर असताना पळायची सवय, त्यामुळे मोकळा पळाला की वाऱ्याला घाम फुटायचा. तो गोलच्या टप्प्यात आला आणि नांदेडच्या बॅकनं त्याला मागून पाडला. शिट्टी वाजली.

"पेनल्टी," लातूर ओरडलं.

"चौकोनाच्या बाहेर," नांदेड ओरडलं.

सगळ्यांनी खाली बघितलं. चौकोन नव्हता. बोका गोलपोस्टला अंग घासत, रवंथ करत उभा होता.

टँकरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एकही माणूस हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी टँकरला लोकांची वाट बघताना पाहिलं.

"द्या की निकाल, मास्तर," लोक म्हणायला लागले. सर मात्र शांतपणे शिट्टी खिशात टाकून म्हणाले, "मी लातूरचा. माझं नांदेडवाले मानणार न्हाईत. नांदेडकर त्यांचे, ह्यांचं लातूर मानणार न्हाई." मग ते वळले. "हितं दोन्हीकडचा नसलेला माणूस एकच हाय."

सगळं मैदान प्रांतसाहेबांकडं बघायला लागलं.

"मी?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मला यातलं काय कळतं?"

"साहेब, मोजायचंच हाय फक्त," सर म्हणाले. "तुमच्याकडं साखळी हाय."

साहेबांनी टँकरकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. मग मोजणीवाल्याला म्हणाले, "अहो, घ्या. किती असतो हा चौकोन?"

सरांनी माप सांगितलं. ज्या साखळीनं मैदान जाणार होतं ती साखळी गोलरेषेपासून पुढं पसरत गेली. मोजणीवाल्यानं खुंटी ठोकली. अजीम पडला होता तिथं मातीवर त्याच्या कोपराचा ओरखडा दिसत होता. साहेब पँट सावरून उकिडवे बसले, एकदा खुंटीकडं बघितलं, एकदा ओरखड्याकडं. वीतभर आत होतं.

"आत आहे," साहेब उठून म्हणाले. "पेनल्टी द्या."

असा कल्ला उठला की दालमिलांवरची कबुतरं त्या दिवशी परत उतरली नाहीत. सर साहेबांच्या जवळ गेले, अगदी अदबीनं. मी दस्ती घेऊन शेजारीच होतो.

"साहेब, एक अडचण झाली."

"आता काय?"

"पडीक जमिनीवर पेनल्टी देता येत न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मोजणीवाल्याला म्हणाले, "साखळी गुंडाळा."

अजीमनं ती पेनल्टी बाहेर मारली, हेही सांगून टाकतो. बॉल गोलवरून गेला तो शेवंताबाईच्या हंड्यात पडला. बाई म्हणाली, "आता ह्याचाबी नंबर लागला." मॅच बरोबरीत सुटली. नांदेडचा असल्यानं मी दस्तीआड जरा हसलो.

क्वार्टर्स नाल्याच्या पलीकडं झाले. प्रांतसाहेब पुढं बदलून गेले, पण असतील तिथून दर वर्षी विचारायचे म्हणे, "अजीमनं नंतर कधी पेनल्टी घातली का?"

मी परत नांदेडला आलो. सर रिटायर झाले. मैदान वाचलं, आणि वाचलेल्या गोष्टीला सरकार कंपाउंड घालतं, तसं याही मैदानाला घातलं. दगडी भिंत आणि समोर लोखंडी गेट. ते गेट आठवड्यात नाहीसं झालं. दुसरं बसवलं, तेही गेलं. तिसरं तर जमिनीत सिमेंट ओतून बसवलं होतं. ते सिमेंटसकट गेलं. चोर सापडला नाही.

मी एकदा सरांच्या घरी जेवायला गेलो होतो. परसात हात धुवायला गेलो तर शेवग्याखाली एक भलंमोठं लोखंडी गेट आडवं पडलेलं. त्यावर वाळवण घातलेलं. पलीकडं दुसरं, त्यावर दोडक्याचा वेल चढवलेला. मी सरांच्या बायकोकडं, वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाजी गार होऊलालीय, भाऊजी."

त्यानंतर सरांना एकदाच पाहिलं. लातूरला काही कामासाठी गेलो होतो. संध्याकाळी ऑटोतून दालमिलांच्या मागून चाललो होतो. भिंत संपते तिथं गेटची जागा मोकळी होती. मी ऑटो थांबवला. आत सर होते, एकटेच, वाळलेले, दस्ती खांद्यावर. काखेत पोतं धरून वाकून वाकून टरफलांची रेघ ओढत चालले होते. दोन पावलं मागं, बोकाची नात की पणती असेल, एक शेळी त्याच वेगानं ती रेघ खात येत होती.

सर कोपऱ्यापर्यंत पोचले, वळले, शेळीला बघितलं. जरा बाजूला झाले, तिला पुढं जाऊ दिलं, आणि पोत्यात हात घालून दुसरी रेघ सुरू केली.